तीन नंबर

ओगलेबाईंनी चिठ्ठी आणली होती, वहीचा कागद, आखलेला:
सकाळी चालू होते, तक्रार नाही.
स्वारगेटच्या पुढे धाप लागते.
कात्रजच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्येही मरते.
थांबल्यावर थरथरते.
खाली सही. तारीख.

मारुती हजार, सन ब्याण्णव.
नवी होती तेव्हाही दमायचीच ही,
चढ आला की मागच्या दोघांनी उतरायचं, अशी तेव्हाची थट्टा.

वारज्याच्या एकानं कार्बोरेटर खोलून जेट फुंकली होती, सातशे रुपये.
बाईंच्या भावाच्या ओळखीतला म्हणाला, इंजिनचं काम काढा
नाहीतर भंगारात घाला.
मी म्हटलं, ठेवून जा.

प्लग काढले, पेपरवर ओळीनं मांडले.
एक, दोन, चार: बिस्किटाच्या रंगाचे, खाऊनपिऊन सुखी.
तीन नंबर काळा, ओलसर,
सुट्टीत मामाकडं न गेलेल्या पोरासारखा.
वायर बदलली, प्लगांची अदलाबदल केली,
रोग जागचा हलला नाही.
कॉम्प्रेशन धरलं, इंजिन गार:
एकशे साठ, एकशे साठ, एकशे पंचेचाळीस, एकशे साठ.
एवढ्या जुन्या गाडीत पंधरा म्हणजे काहीच नाही.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर.
टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला.
तीस वर्षं असंच ऐकत आलो.
डाव्या कानात आता नुसता वारा.
सदाशिव पेठेतल्या डॉक्टरनं कपाळाला काटा टेकवून विचारलं,
कुठल्या बाजूनं येतो?
मी म्हटलं, डॉक्टर, हे तर मी रोज करतो.
तो हसला नाही. मशीन लिहून दिलं, चाळीस हजार.

अल्तमश चहा आणायला गेला तेव्हा मूठ दातात धरली.
दातांतून येतो अजून. खरा येतो.
एक, दोन, चार टकटकत होते.
तीनवर शांत.
मला वाटलं, चला, हा तरी नीट बसलाय.

रोग तापल्यावर येतो
तर तापल्यावरच बघायला हवं,
एवढं कळायला दोन चहा गेले.

अल्तमशला शेजारी बसवून जुन्या घाटाला घातली.
भिलारेवाडीच्या पुढच्या वळणावर मेली, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे.
फडकं गुंडाळून प्लग काढला, तरी बोटं भाजली.
गेज लावलं. नव्वद.
चमचाभर ऑइल सोडलं आत,
रिंगा गेल्या असतील तर काटा चढतो.
नव्वदच.
म्हणजे वॉल्व्ह.

कव्हर उघडलं. फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातं
तीनच्या एक्झॉस्टला लावलं.
गेलं नाही.

तिथं केसाएवढी फट ठेवायची असते.
लोखंड तापतं, वाढतं, त्याला वाढायला जागा लागते.
नसली की वॉल्व्ह पुसटसा उघडाच राहतो
आणि चढासाठी जमवलेला जोर
सायलेन्सरमधून निघून जातो, फुकट.

कुणी आवळलं असेल, काका?
वरून एक ट्रक उतरत होता.
मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

गणपतीच्या आधी बाई आल्या होत्या: फार टकटक करते हो.
मला काही येत नव्हती.
विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनाच शेजारी उभं केलं.
मी आवळत गेलो.
अजून आहे, त्या म्हणाल्या.
अजून आहे.
आता नाही.
तिथं मी थांबलो.

पंचवीसचं पातं सरकवलं,
अडकत अडकत जावं असं, लोण्यातून सुरी नव्हे,
ताकातल्या रवीसारखं थोडं ओढून धरणारं.
लॉकनट.
बोगदा तिसऱ्या गिअरमध्ये गाठला.

बिलात लिहिलं, टॅपेट सेटिंग.
बाई म्हणाल्या, रक्कम राहिली लिहायची.
राहू दे.
त्यांनी चालू केली, मान तिरकी करून ऐकलं.
पुन्हा टकटक करतेय.
म्हटलं, करू दे. थांबली तर मात्र लगेच या.

गाडी गल्लीतून वळली.
अल्तमश काहीतरी बोलत होता,
मग गप्प झाला, आणि फिरून
माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.
आता तिथंच उभा राहतो.